चोवीस तास उघडं दार

मंगळवारी सकाळी सूनबाई स्वयंपाकघरात आली आणि तिचा पाय पाण्यात पडला. पाणी फ्रिजखालून निघालं होतं आणि ओट्याला वळसा घालून कांद्याच्या टोपलीपर्यंत पोचलं होतं. तिने फ्रीझरचं वरचं दार उघडलं, तर मागच्या भिंतीवर बोटभर जाड बर्फ. खालचं दार उघडलं, तर दूध कोमट. हा फ्रिज स्वतःचा बर्फ स्वतःच वितळवतो, तुम्हाला काही बघावं लागत नाही, असं सांगून दुकानदाराने तो गळ्यात मारला होता. त्यातला दुसरा भाग तेवढा खरा होता. आत काय चाललंय ते इतके दिवस कुणी बघितलंच नव्हतं.

एरवी सूनबाईने फडकं घेऊन पाणी पुसलं असतं आणि नवऱ्याच्या नावाने दोन शब्द बोलून विषय संपवला असता. पण येत्या रविवारी अकरा वाजता तिला तीन किलोचा क्रीमचा केक दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचवायचा होता. त्यांच्या दवाखान्याला दहा वर्षं होत होती आणि त्यानिमित्त त्या सगळ्या पेशंटना गोड खाऊ घालणार होत्या. यात त्यांचा दूरदर्शीपणा दिसत होता, पण सूनबाईला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. ऑफिसातली बसून पगाराची नोकरी सोडून तिने केकचा उद्योग मांडला, त्याला चार महिने झाले होते. या चार महिन्यांत केक खाल्ला तो नातेवाइकांनी, आणि दिली ती शाबासकी. ही पहिली खरी ऑर्डर होती. केक आवडला तर डॉक्टरीणबाई दर महिन्याला मागवणार होत्या, आणि फसला तर सूनबाई पुन्हा ऑफिसात. नवरा म्हणाला होता, "बघू या की थोडे दिवस." सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती होती.

बुधवारी सकाळी मेकॅनिक आला. हा माणूस प्रत्येक वाक्याआधी एक उसासा टाकायचा, त्यामुळे साधी गोष्टही वाईट बातमीसारखी वाटायची. त्याने फ्रीझरमध्ये डोकं घातलं, बर्फावर स्क्रूड्रायव्हरने टकटक केलं आणि डोकं बाहेर काढलं.

"बर्फ वितळवायला आत हीटर असतो. त्याचा सेन्सर गेलाय. त्यामुळे हीटर लागतच नाही, बर्फ साठत जातो, पाणी जायचं भोकही बर्फानेच बुजलंय."

"मग सेन्सर बदला ना," सूनबाई म्हणाली.

"बदलतो की. पण सेन्सर आहे या पॅनलच्या मागे आणि पॅनल बसलंय बर्फात. आत्ता ओढलं तर तुटेल." त्याने उसासा टाकला. "फ्रिज बंद करा. दोन्ही दारं सताड उघडी ठेवा. चोवीस तास. मी उद्या येतो."

"एवढंच?"

"एवढंच. पण दारं उघडीच पाहिजेत. बंद फ्रिज म्हणजे थर्मास. दार लागलं की आतला बर्फ दोन दिवस हलत नाही."

सोपं काम होतं. दार उघडं ठेवायचं आणि काहीही करायचं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात ते झालं असतं. पण हे घर आप्पांचं होतं.

आप्पा म्हणजे सूनबाईचे सासरे. त्यांची एकतीस वर्षं एका कोल्ड स्टोरेजच्या दारावर गेली होती. आत हजारो पोती बटाटे आणि बाहेर आप्पा. हुद्दा गेट सुपरवायझर आणि काम एकच, दार लागलंय का ते बघणं. तेच काम ते घरीही पहिल्यापासून करायचे, आणि निवृत्त झाल्यावर तर दिवसभर. फ्रिजवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती, 'आधी ठरवा, मग उघडा.' या घरात फ्रिजसमोर उभं राहायचं, काय हवं ते मनाशी पक्कं करायचं, ते कुठल्या खणात आहे ते आठवायचं, मग दार उघडायचं, वस्तू घ्यायची आणि आप्पांचे सात आकडे मोजून व्हायच्या आत दार लावायचं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सूनबाईला लिंबू शोधायला अकरा आकडे लागले होते. ती गोष्ट आप्पांनी तिच्या माहेरच्यांना सांगितली होती.

गुरुवारी मेकॅनिक आला, तेव्हा बर्फ जसाच्या तसा होता.

"दारं लावली होती तुम्ही," तो म्हणाला.

"छे हो," चौघंही एकदम म्हणाले.

मेकॅनिकने उसासा टाकला. उद्या आपल्याला दुसरीकडे काम आहे, शनिवारी सकाळी येतो, असं सांगून तो गेला. तो जाताच आप्पांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात ओळीने उभं केलं.

"कोणी लावलं दार?"

सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी लावलं. दोनदाच. नाही, तीनदा. अहो, उघडं दार बघितलं की मला राहवत नाही. अडतीस वर्षं तुमचं सात मोजणं ऐकतेय. नुसती जवळून गेले तरी हात आपोआप जातो."

"आणि तू?" आप्पा मुलाकडे वळले.

"मी? मी अजिबात नाही. मी कशाला लावेन? मला काय कळत नाही का?" मुलगा बोलत बोलत बशी ठेवायला ओट्याकडे गेला, आणि जाता जाता त्याने खालचं दार टाचेने आणि वरचं कोपराने लावून टाकलं. तो परत आपल्या जागी येऊन उभा राहिला, तरी सगळे त्याच्याकडे का बघताहेत हे त्याला कळेना.

सकाळी सूनबाईनेही पाण्याची बाटली काढली होती आणि ती बाटली हातात आल्यावर दार उघडं असल्याचं तिला आठवत नव्हतं.

"कठीण आहे," आप्पा म्हणाले. त्यांना राग आला होता, पण आपलं शिक्षण इतकं मुरलंय म्हणून आतून जरा बरंही वाटत होतं. "तुमच्या कुणाच्या भरवशावर हे काम होणार नाही. उद्या दिवसभर मी स्वतः बसतो. एकतीस वर्षं दार सांभाळलंय मी. सूनबाई, तू केकचं बघ. दार माझ्याकडे."

सूनबाईला हायसं वाटलं. या माणसाने एकदा दाराची जबाबदारी घेतली की तो ती पार पाडणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता आप्पांनी फ्रिजसमोर खुर्ची टाकली. दोन्ही दारं सताड उघडून खालच्या दाराला स्टूल लावलं. घरच्यांनी शेगडीपर्यंत यायचं आणि तिथूनच परत जायचं, असा नियम झाला. मुलगा कामावर जाताना डबा घ्यायला आला, तर आप्पांनी त्याला दोन्ही हात डोक्यावर ठेवून आत यायला लावलं. सासूबाईंनी भाजी हॉलमध्ये बसून चिरली. सूनबाई पलीकडच्या खोलीत क्रीमचे फुलोरे पाडायचा सराव करत होती आणि मधूनमधून कानोसा घेत होती. सगळं शांत होतं.

पण दुपारी आप्पा जेवून परत खुर्चीपाशी गेले आणि ओरडले, "कोणी लावलं?"

दोन्ही दारं बंद होती. स्टूल नीट बाजूला सरकवलेलं. सासूबाईंनी शपथ घेतली. सूनबाई तर त्यांच्यासमोरच जेवत होती. आप्पांनी दोघींकडे असं बघितलं, की न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यावी का, असं सासूबाईंना वाटून गेलं. दारं पुन्हा उघडली. वामकुक्षीनंतर पुन्हा तेच. संध्याकाळी फिरून आले, पुन्हा तेच. रात्री झोपताना आप्पांनी सगळ्यांना बजावून सांगितलं आणि शनिवारी पहाटे उठून पाहिलं, तर दारं बंद.

"घरात कुणीतरी वैरी आहे," आप्पा म्हणाले. मुलाने पांघरुणातूनच आपण झोपलेलो असल्याचं सांगितलं.

नऊ वाजता मेकॅनिक आला, त्याने फ्रीझरमध्ये हात घातला आणि यावेळी उसासासुद्धा टाकला नाही. "बर्फ आहे," एवढंच म्हणाला.

केकचे थर तयार होते, क्रीम आज फेटायचं होतं आणि उद्या अकराला केक पोचवायचा होता. "कधी होईल मग आता?" सूनबाईने विचारलं. "नीट वेळ सांगा, मी लिहून ठेवते." फ्रिजशेजारच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते टिपायला त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली होती. सूनबाईने पेन्सिल घेतली आणि तिचा हात तसाच राहिला.

शुक्रवारच्या चौकोनात बारीक, रेखीव अक्षरात लिहिलं होतं. 'दु. १२.४०. दार बंद. तपासले.' खाली सही. 'दु. १.३०. दार बंद. तपासले.' सही. 'सायं. ५.२५.' सही. 'रा. ९.१५.' सही. चौकोनात जागा पुरली नाही म्हणून शेवटची नोंद शनिवारात उतरली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "हे बघा."

आप्पांनी चष्मा लावला. पहिली नोंद वाचली, दुसरी वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. कोल्ड स्टोरेजचा नियम होता, जागा सोडायची तर दार लावायचं, तपासायचं, वेळ टाकायची, सही करायची आणि मगच जेवायला जायचं. आप्पा जेवायला गेले होते, झोपायला गेले होते, फिरायला गेले होते. प्रत्येक वेळी त्यांनी नियम पाळला होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि वर पावती फाडून ठेवली होती.

"अक्षर माझं आहे," आप्पा हळूच म्हणाले.

"सहीपण तुमचीच आहे," सासूबाई म्हणाल्या. कालपासून त्यांच्यावर चोरीचा आळ होता, त्यामुळे त्यांना हे बोलायला फार बरं वाटलं.

सूनबाईला मात्र रडू आलं. "आप्पा, माझी ही ऑर्डर गेली तर दुसरी येणार नाही हो. मी तुमच्या भरवशावर होते."

आप्पा खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा एवढा उतरला, की सूनबाईला आपण बोललो त्याचं वाईट वाटलं. "नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा दार राहिलं होतं माझ्याकडून," ते म्हणाले. "एक रात्रभर नुसतं बोटभर उघडं होतं. चारशे पोत्यांना कोंब फुटले. मालक मला काही बोलला नाही. मला आत घेऊन गेला आणि नुसता उभा राहिला. चारही बाजूंनी कोंब आलेले बटाटे माझ्याकडे बघताहेत. तेव्हापासून उघडं दार मला सोसत नाही. काय करू मी? कळतच नाही मला, हात कधी गेला ते."

उपाय मेकॅनिकला सुचला. त्याने पिशवीतून मोठा पाना काढला.

"काका, दारंच काढतो," तो म्हणाला. "नसलेलं दार कोण लावणार?"

वीस मिनिटांत दोन्ही दारं बिजागरीतून निघाली आणि आप्पांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली. स्वयंपाकघरातला तो उघडाबोडका फ्रिज आप्पांना बघवेना आणि खोलीतली नुसती दारंही बघवेनात. त्यांनी चपला घातल्या आणि ते घराबाहेर पडले. सूनबाईने फ्रीझरमध्ये गरम पाण्याची पातेली ठेवली, पंखा लावला आणि बर्फासमोर उभं राहून क्रीम फेटायला घेतलं. बाराच्या सुमाराला आतून काहीतरी धपकन पडलं. एकच्या सुमाराला पॅनल सुटलं. मेकॅनिकने नवा सेन्सर बसवला, भोक मोकळं केलं, दारं परत लावली आणि बरोबर दोन वाजून वीस मिनिटांनी फ्रिज सुरू केला.

"चार तास रिकामाच चालू द्या," तो म्हणाला. "तोवर उघडू नका. मग काय ठेवायचं ते ठेवा."

नेमके त्याच वेळी आप्पा परत आले. फ्रिजची दोन्ही दारं बंद बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. खाली मान घालून ते खोलीकडे जायला लागले, तेव्हा सूनबाईने त्यांना हाक मारली. सकाळी आपण जास्त बोललो हे तिला टोचत होतं, आणि शिवाय तिला एक गोष्ट सुचली होती.

"आप्पा, मला तुमची मदत हवी आहे. आता चार तास फ्रिज उघडायचा नाही. आणि त्यानंतर केक घट्ट बसायला हवा, म्हणून उद्या सकाळी दहापर्यंत उघडायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही."

आप्पांचे खाली गेलेले खांदे वर आले. "मधे कुणी आलं तर?"

"येऊ द्यायचं नाही."

"घरचं असलं तरी?"

"कुणीही असो."

आप्पांनी खुर्ची उचलून पुन्हा फ्रिजसमोर आणली. संध्याकाळी सूनबाईला केकसाठी मोठं खोकं आणायला बाजारात जायचं होतं. केक तयार होऊन टेबलावर उभा होता, तीन थरांचा, पांढराशुभ्र, वर क्रीमचा एक मोठा गुलाब. जाताना तिने नवऱ्याला सांगितलं, "सहा वीसला केक उचलून आत ठेव. सांभाळून." परत आल्यावर तिने विचारलं, "ठेवलास ना फ्रिजमध्ये?"

"हो, फ्रिजमध्येच आहे," नवरा म्हणाला आणि त्याने लगेच वर्तमानपत्रात तोंड घातलं.

आप्पांनी जेवण खुर्चीवर घेतलं आणि अंथरूणही फ्रिजसमोरच घातलं. सासूबाईंना रात्रीचं दूध आत ठेवायचं होतं, ते ठेवता आलं नाही. ते बाहेर नासलं आणि सकाळचा चहा बिनदुधाचा झाला. मुलगा पाण्याची बाटली गार करायला ठेवायला आला, तर आप्पांनी त्याला माठ दाखवला. सूनबाई हे सगळं बघत होती आणि आठवडाभरात पहिल्यांदा तिच्या जिवाला स्वस्थता होती.

रविवारी दहाच्या ठोक्याला आप्पा उठून बाजूला झाले. "वेळ झाली. उघड," ते म्हणाले.

सूनबाईने दार उघडलं. आत दिवा लागला. गार हवा तिच्या तोंडावर आली. मागच्या भिंतीवर बर्फाचा कण नव्हता, सगळे खण कोरडे, स्वच्छ आणि रिकामे होते. तिने वरचं दार उघडलं. तिथेही रिकामं.

"केक कुठाय?" ती ओरडली.

नवरा मागच्या मागे सरकत होता, त्याला तिने बाहीला धरून थांबवलं.

"अगं, ऐकून तर घे. मी सहाला पाच मिनिटं कमी असताना केक घेऊन आलो. आप्पा म्हणाले, सहा वीसपर्यंत मनाई आहे. पंचवीस मिनिटं मी तीन किलो हातात धरून उभा राहिलो. गुलाब डुलायला लागला होता. सहा वीस झाले, तसा पुढे आलो, तर म्हणाले, आता सकाळी दहापर्यंत मनाई आहे."

"दोन हुकूम होते," आप्पा म्हणाले. "पहिला सहा वीसला संपला आणि दुसरा सहा वीसला सुरू झाला. मधे वेळच नव्हता."

"मग केक?"

"शेजारच्या मावशींच्या फ्रिजमध्ये आहे," नवरा म्हणाला. "रात्रभर तिथेच आहे. मी आत्ता बघून आलो, एकदम टणक झालाय. तू चिडशील म्हणून बोललो नाही."

सूनबाई धावतच शेजारी गेली. केक होता, जागचा हलला नव्हता, गुलाब ताठ उभा होता. मावशींनी खोकं बांधायलासुद्धा मदत केली. "बुधवारपासून तुमच्याकडची आरडाओरड ऐकतेय," त्या म्हणाल्या. "माझा फ्रिज अर्धा रिकामाच असतो. म्हटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. कुणी विचारलंच नाही बाई."

अकराला पाच कमी असताना केक दवाखान्यात पोचला. साडेबाराला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. केक संपला होता, दोन पेशंटनी तर दात काढायच्या आधीच खाल्ला होता, आणि पुढच्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी तसाच एक पाठवावा, असं त्यांचं म्हणणं होतं. सासूबाईंनी हे ऐकलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा केकच्या उद्योगाबद्दल तोंड उघडलं. "नोकरीपेक्षा हे बरं," त्या म्हणाल्या. सूनबाईने डोळे पुसले आणि मग तिला एकदम हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना.

ती आप्पांकडे गेली. ते अजून खुर्चीवरच बसले होते. रात्रभर रिकामा फ्रिज राखला, हे आता सगळ्यांसमोर उघड झालं होतं. बिचाऱ्यांना किती ओशाळं वाटत असेल, असं तिच्या मनात आलं.

"आप्पा, वाईट वाटून घेऊ नका हं," ती म्हणाली. "आत काहीच नव्हतं, हे तुम्हाला तरी कसं कळणार?"

"कळणार कसं म्हणजे? माझ्यासमोरून तो केक परत घेऊन गेला," आप्पा म्हणाले. "मला माहीत होतं की."

"मग रात्रभर कशाला बसलात?"

आप्पांनी तिच्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "कोल्ड स्टोरेजसुद्धा वर्षातून दोन महिने रिकामं असायचं सूनबाई," ते म्हणाले. "दार सांभाळणं माझ्याकडे होतं. आत काय आहे ते बघणारा माणूस वेगळा होता."